पाटल्या गहाण ठेवण्याआधी चिंचोके मोज

पत्राचा सारांश

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून २८ वर्षांच्या स्पीच थेरपिस्टचं पत्र आलं आहे. बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवणदोषांवरच्या उपचाराची पदवी, झाल्यावर दोन वर्षं तिने शहरात नोकरी केली. आता नवऱ्याच्या मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत तिचं क्लिनिक आहे, आणि घरी सव्वा वर्षाचं बाळ. मंगळवारच्या बाजाराला येणारी माणसं आपली लेकरं तिच्याकडे घेऊन येतात. त्यातला एक साडेचार वर्षांचा मुलगा तांड्यावरून येतो. त्याला सांगितलेलं सगळं समजतं, पण शब्द तोंडातून निघत नाहीत. एखाद्या दिवशी 'पाणी' अगदी स्वच्छ म्हणतो आणि पुढच्या क्षणी तेच त्याला जमत नाही. आठ महिने तिने त्याच्याकडून शिट्ट्या, फुगे, मेणबत्ती फुंकणं, जिभेचे व्यायाम करून घेतले. फरक पडला नाही. पुण्याच्या एका अनुभवी थेरपिस्टने व्हिडिओ पाहून सांगितलं, "चाइल्डहुड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच असावा. हे स्पेशालिस्टचं काम आहे, इकडे पाठवा." म्हणजे बोलण्यासाठी ओठ-जीभ कशी हलवायची याचा हुकूम मेंदूकडून नीट न येण्याचा दोष. मुलाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. पुणे त्यांच्या आवाक्याबाहेरचं. तिच्या मनात परदेशी पद्धतीचा एक महागडा कोर्स आहे. त्यासाठी पाटल्या गहाण ठेवाव्या लागतील आणि बाळाला सोडून पंधरा दिवस बाहेर राहावं लागेल. सासूबाई म्हणतात, "शिकून झालं ना एकदा? आता परत कशाचं शिक्षण?" तिचा प्रश्न असा: कोर्स करू, की अशी लेकरं घ्यायचीच बंद करू? आणि त्याचे आठ महिने मी वाया घालवले, त्याचं काय करू?

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते. मीही याच कामात चोवीस वर्षं घालवली आहेत, त्यातली बरीचशी छत्रपती संभाजीनगरात. तुझं पत्र वाचताना जागोजागी माझीच पहिली वर्षं आठवली.

तुझ्या प्रश्नांकडे वळण्याआधी माझा एक प्रश्न. या लेकराच्या कानाची तपासणी झाली आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही. मेणबत्तीचा आहे, शिट्टीचा आहे, पुण्याच्या व्हिडिओचा आहे, कानाचा नाही. कदाचित तू करून घेतली असशील आणि लिहायचं राहिलं असेल. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करून घे. तुझ्याकडे सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठव. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांची मोफत तपासणी होते, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तांड्यावरच्या अंगणवाडी ताईंना एक फोन केलास तरी धागा हाती लागेल. ऐकू कमी येणाऱ्या लेकराला आपण अप्रॅक्सिया म्हणून वर्षभर शिकवत बसलो तर ती चूक भरून निघत नाही.

दुसरं, घरात तो कोणती भाषा ऐकतो? तांड्यावरचं लेकरू आहे म्हणजे बहुधा गोरमाटी. तू त्याच्याकडून 'आई' म्हणवून घेत असशील, आणि तो घरी जिला हाक मारणार आहे ती 'याडी' आहे. 'याडी' म्हणायला 'आई'पेक्षा अवघड, हे मला मान्य आहे. पण तो त्याच्या आईचा शब्द आहे. मराठवाड्यात काम करताना आपल्याला हे सारखं विचारावं लागतं. देगलूर-बिलोलीकडून आलेलं लेकरू घरी तेलुगू बोलत असेल, उदगीरकडचं कानडी, शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातलं दखनी. शब्दांची यादी आपल्या पुस्तकातून काढायची नाही, त्याच्या घरातून आणायची.

आता निदानाकडे. पुण्याच्या बाईंचा अंदाज बरोबर असेलही, पण व्हिडिओवरून आलेला तो अंदाज आहे आणि तू त्याला निकाल समजून घाबरली आहेस. अमेरिकेच्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग संघटनेने, म्हणजे आशाने, २००७ साली जो अहवाल काढला त्यात अप्रॅक्सियाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला की दरवेळी वेगळा चुकतो, स्वरसुद्धा चुकतात. एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना गाडी अडते, मध्ये फट पडते. आणि बोलण्याची लय, चढउतार बिघडलेले असतात. तुझ्या खोलीत हे असं पाहा: एखादं लेकरू 'गाडी'ला कायम 'दाडी' म्हणतं, पाचही वेळा 'दाडी'. तिथे ध्वनींची व्यवस्था चुकीची बसली आहे, तो वेगळा प्रकार. दुसरं लेकरू पहिल्यांदा 'गाडी' बरोबर म्हणतं, मग 'दागी', मग 'आडी', मग 'गो... डी', मग नुसतं तोंड हलवत तुझ्याकडे बघत राहतं. तिथे कान टवकारायचे. तरी एवढ्यावर शिक्का मारू नकोस, कारण ध्वनिव्यवस्थेच्या दोषातही काही लेकरं अशी बदलती चुकतात. तिन्ही खुणा एकत्र दिसतात का, आणि तू मदत केलीस की शब्द सुधारतो का, हे दोन-तीन भेटींत बघ. मदतीने किती आणि कसा सुधारतो, त्यातूनच कामाची दिशा सापडते. तोपर्यंत कागदावर 'अप्रॅक्सियाची शंका' एवढंच लिही.

इथे मराठीचा एक पेच आहे. तिसऱ्या खुणेची इंग्रजी वर्णनं सगळी शब्दातल्या आघाताभोवती फिरतात, कोणतं अक्षर जोरात आणि कोणतं हळू. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आपण वाक्याचा सूर ऐकायचा. 'येतोस?' आणि 'येतोस.' यांतला फरक त्याच्या गळ्यातून येतो का? 'नको' म्हणताना त्याचं नको सुरातून कळतं, की दोन्ही अक्षरं एकसारखी, तुटक, मोजून टाकल्यासारखी येतात? हे तुला कुठल्याच परदेशी कोर्समध्ये कुणी सांगणार नाही. तू मराठी बोलतेस, दिवसभर बाजारातलं बोलणं ऐकतेस, म्हणून तुलाच ते कळणार आहे.

आता तुझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट: 'स्पेशालिस्ट'. भारतात उपचार करण्याचा अधिकार भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदणीने मिळतो आणि ती नोंदणी तुझ्याकडे आहे. अप्रॅक्सियासाठी वेगळा परवाना नाही. बोर्डावर जे 'स्पेशालिस्ट' लिहिलेलं असतं त्यामागे कोर्स असतात, अनुभव असतो, आणि ज्यांच्यामागे खरंच तो असतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे अधिकार आणि ते नाही म्हणजे अनधिकार, ही समजूत मनातून काढून टाक. तुझ्याकडे अधिकार आहे. कमी पडलंय ते कौशल्य, आणि कौशल्य कसं येतं याचा विचार वेगळा करायला हवा.

माझी गोष्ट सांगते. माझ्याकडे पैठणकडची एक पाच वर्षांची मुलगी यायची, आजीबरोबर. मीही तिला पिपाणी वाजवायला लावली, कागदाचे बोळे फुंकायला लावले. पोरगी पिपाणी इतकी सुंदर वाजवायला लागली की आजी कौतुकाने गावभर सांगायची. 'आई' मात्र म्हणता येत नव्हतं. एका संध्याकाळी मी त्या दिवशीच्या भेटीचं रेकॉर्डिंग ऐकत बसले आणि सहज मोजलं. पस्तीस मिनिटांत त्या पोरीने शब्द म्हणायचा प्रयत्न केला होता नऊ वेळा. बाकी सगळा वेळ मीच बोलत होते, खेळणी मांडत होते, फुंकवत होते. मला रात्री झोप लागली नाही.

फुंकण्याने बोलणं का येत नाही, हे तुला कळतं, पण पालकांना सांगायला शब्द हवेत म्हणून लिहिते. या लेकरांच्या जिभेत, ओठांत ताकद कमी नसते. ओठ, जीभ, टाळू, गळा यांनी कोणत्या क्षणी कुठे जायचं याचा हुकूम मेंदूकडून नीट बांधून येत नाही. बैठका काढून पाय कितीही भक्कम केले तरी सायकल चालवता येत नाही, त्यासाठी सायकलवरच बसावं लागतं. तोंडाच्या अशा व्यायामांनी लेकरांचं बोलणं सुधारतं याचा भक्कम पुरावा २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, सापडला नाही. तेव्हा शिट्ट्या, फुगे, मेणबत्त्या या लेकरापुरत्या कपाटात ठेव. आणि कुणी जिभेला वेखंड घासायला सांगितलं, 'जीभ जड आहे, खालचा तांतू कापून घ्या' म्हटलं, तर आईवडिलांना न रागावता, नीट बसवून समजाव. आखडलेल्या जिभेमुळे एकच शब्द पाच वेळा पाच तऱ्हांनी चुकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या पोरीसाठी एक स्टीलचा डबा आणि मूठभर चिंचोके आणले. खेळणी सगळी उचलली. तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसले. म्हटलं, माझ्याकडे बघ, आपण दोघी एकदम म्हणू. आणि अगदी सावकाश, आवाज न तोडता, 'आऽऽऽई'. 'आ'ला जबडा खाली, मग तो वर येतो, ओठ बाजूला ताणले जातात, 'ई'. दोनच स्वर, पण त्यांच्यामधली वाट तिला सापडत नव्हती. पहिल्यांदा 'आ' म्हणून थांबली, मग 'ई' वेगळा टाकला. प्रत्येक प्रयत्नाला एक चिंचोका डब्यात, टण् आवाज करत. बरोबर आलं तरी आणि चुकलं तरी, कारण चिंचोका प्रयत्नाचा होता. सहाव्या-सातव्या वेळी माझ्या आवाजाबरोबर तिचा आवाज न तुटता 'आ'वरून 'ई'वर गेला. मग मी आवाज बंद केला, नुसते ओठ हलवले. मग तेही थांबवलं, आधी मी, नंतर ती. मध्येच परत तुटलं की मी परत तिच्याबरोबर म्हणायला लागले. त्या दिवशी डब्यात ८६ चिंचोके पडले. उठताना ती दारात बसलेल्या आजीकडे वळून 'आई' म्हणाली. आजीला म्हणाली, आईला नाही, पण ते तुटलं नव्हतं.

मी जे करत होते त्याला नाव आहे हे मला पुढे कळलं. डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग, थोडक्यात डीटीटीसी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ईडिथ स्ट्रँड यांनी ती पद्धत बांधली. सुरुवातीला बरोबरीने म्हणणं, मग लगेच मागून म्हणणं, मग थोडं थांबून, मग आपणहून. लेकरू अडलं की मदत वाढवायची, जमलं की काढून घ्यायची, गरज असेल तिथे बोटाने ओठांना, हनुवटीला दिशा द्यायची. माझं नशीब की मी चुकत-माकत तिथवर पोचले, पण नाव आणि शास्त्र कळल्यावर माझ्या बऱ्याच चुका सुटल्या. मी प्रत्येक वेळी 'शाब्बास' म्हणायचे, तेव्हा लेकराला स्वतःचं ऐकायला उसंतच मिळत नव्हती. सुरुवातीला नेमकं सांगायचं, 'तोंड अजून उघड'. पुढे सांगणं कमी करायचं आणि दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. एकच शब्द सलग घोटून झाला की तो दुसऱ्या शब्दांत मिसळायचा, नाहीतर तुझ्या खोलीत येणारा शब्द घरी येत नाही.

म्हणून तू शिकावंस असं मला मनापासून वाटतं. सासूबाईंना सांग की या कामात शिकणं संपत नाही, आरसीआयची नोंदणी टिकवायलाही सीआरईचे, म्हणजे पदवीनंतरच्या चालू शिक्षणाचे, गुण मिळवावे लागतात. पण पाटल्या आत्ता कपाटातच राहू देत. स्ट्रँड यांचा डीटीटीसीचा व्हिडिओ-कोर्स इंटरनेटवर विनामूल्य आहे. सिडनी विद्यापीठात पॅट्रिशिया मॅकेब, किरी बॅलार्ड वगैरेंनी विकसित केलेल्या 'रेस्ट' पद्धतीचं प्रशिक्षणही तसंच विनामूल्य मिळतं. दोन्ही इंग्रजीत आहेत, तुला सवय नसेल तर पहिले तास जड जातील. बाळ झोपल्यावर रोज अर्धा तास, थांबवून थांबवून बघ. आधी डीटीटीसी. 'रेस्ट'मध्ये लेकरांना अर्थ नसलेले तीन अक्षरांचे शब्द आघातासह म्हणायला लावतात. ते थोडं मोठ्या, बरंचसं बोलू लागलेल्या मुलांसाठी आहे, शिवाय आघाताचा भाग मराठीत जसाच्या तसा उचलता येत नाही. तुझ्या या लेकरासाठी ते आज नाही.

'माझीच पद्धत खरी' म्हणून पैसे मागणारं कुणी भेटलं तर हे लक्षात ठेव: २०१८ च्या कोक्रेन आढाव्याला अप्रॅक्सियाच्या उपचारांवर निकषात बसणारी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी एकच सापडली, २०१५ सालची, २६ मुलांची. तिच्यात 'रेस्ट' आणि ब्रिटनमधला नफिल्ड कार्यक्रम यांची तुलना होती. दोन्ही गटांतली मुलं सुधारली. उपचार आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे तीन आठवडे झाले होते. मला त्यात पद्धतीच्या नावापेक्षा तो 'चार दिवस' मोठा दिसतो.

आणि तिथेच तू म्हणशील, ताई, माझं लेकरू मंगळवारी येतं, चार दिवस कुठून आणू? तर मंगळवारचेच दोन भाग कर. सकाळी जीपमधून उतरल्यावर पंचवीस मिनिटं, बाजार करून परत निघण्याआधी वीस मिनिटं. मधल्या वेळात मेंदूला जिरवायला अवकाश मिळतो. त्याच्या आईला किंवा आजीला आत बसव, बाहेर बाकड्यावर नको. फक्त दोन शब्द घरी पाठव, जे तुझ्यासमोर त्याला थोड्या मदतीने येतात असेच. न येणारे शब्द घरी पाठवलेस तर चूकच पाठ होईल. घरात वेगळा वेळ काढायला सांगू नकोस, ती बाई पहाटेपासून राबते. भाकरी थापताना प्रत्येक भाकरीला एकदा 'दे'. हंडा भरताना 'पाणी'. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं, रेंज असेल तिथे.

शब्द निवडताना पाच-सहाच निवड आणि त्यांचा आकार बघ. 'ये', 'दे', 'घे' असे एका झटक्याचे. 'आण', 'चल' असे शेवटी बंद होणारे. 'मामा', 'काका' असे पुनरावृत्तीचे, 'पाणी', 'नको' असे मध्ये बदलणारे. हे मराठीतले झाले, त्याच्या गोरमाटीतले त्याच्या आईकडून लिहून घे. 'नको'साठी त्यांच्यात जो शब्द असेल तो यादीत हवाच. ज्या लेकराला नाही म्हणता येत नाही ते ढकलतं, चावतं, आणि मग लोक त्याला हट्टी ठरवतात. सोबत चित्रांचा एक तक्ता दे. खाणं, पाणी, शी, दुखतंय, बाहेर. चित्रांनी बोलणं मागे पडेल अशी भीती पालकांना वाटते. ती निराधार आहे, तक्त्यामुळे त्याची चिडचिड कमी होईल.

ऊसतोडीचं मी विसरले नाहीये. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत हे कुटुंब फडावर. तो बरोबर जाणार की आजीजवळ राहणार, हे आत्ताच विचार. राहणार असेल तर आजपासून आजीलाच आत बसव. जाणार असेल तर निघण्याआधीचे दोन महिने त्याला जास्तीत जास्त वेळ दे, बाकीचे थोडे थांबतील. आणि मुकादमाच्या नाही, आईच्या स्वतःच्या फोनवर तू म्हटलेल्या शब्दांचे छोटे व्हिडिओ भरून दे, चेहरा जवळून दिसेल असे.

आता तुला खरंच घडवेल ती गोष्ट. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही. तू काम करत असताना कुणीतरी जाणत्याने ते बघायला हवं. पुण्याच्या त्या बाईंना फोन कर आणि म्हण, "पेशंट येऊ शकत नाही, पण मी शिकायला तयार आहे. दर पंधरवड्याला माझ्या दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर अर्धा तास बोलाल का? फी देईन." नाही म्हणाल्या तर तुझ्या कॉलेजच्या बाईंना विचार, म्हैसूरच्या आयश या वाचा-श्रवण संस्थेत किंवा मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्या कुणाला विचार. लातूर, नांदेड, परभणी, जालना इथे तुझ्यासारख्याच एकेकट्या खोलीत बसलेल्या मुली आहेत. चौघी मिळून महिन्यातून दोन रविवारी ऑनलाइन बसा, प्रत्येकीने एक रेकॉर्डिंग आणायचं. पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मात्र एकही रेकॉर्डिंग बाहेर जाता कामा नये. समोरच्या लेकराने दहा मिनिटांत किती प्रयत्न केले, हे आधी मोजा, मग बाकीचं बोला.

असं सहा महिने केलंस की महागड्या कोर्सकडे परत वळ. तोवर तुझ्याजवळ स्वतःचे प्रश्न असतील. पैसे भरण्याआधी त्यांना विचार: माझं प्रत्यक्ष काम कुणी बघणार आहे का, की नुसती भाषणं? कोर्सनंतर अडले तर फोन कुणाला करायचा? इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या मुलांवर शिकवणाऱ्याने काम केलंय का? सीआरईचे गुण मिळणार का? गोलमोल उत्तरं आली तर सोडून दे. नीट उत्तरं आली तर कर्ज काढूनही कर, तेव्हा मी तुला अडवणार नाही.

'अशी लेकरं घ्यायचीच बंद करू का' हे तू प्रामाणिकपणे विचारलंस, म्हणून मीही सरळ सांगते. जे लेकरू पुण्याला पोचणारच नाही त्याला पुण्याचा कागद देणं म्हणजे त्याला घरी पाठवणं. तू बंद केलंस तर त्याच्यासाठी दुसरं कुणी नाही. पण काही लेकरं खरोखर पुढे पाठवायचीच असतात. आधी येत असलेलं बोलणं गेलं, फिट येतात, गिळताना ठसका लागतो, सतत लाळ गळते, चालण्यातही अडखळतं, तर तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ आधी. अशा वेळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कोणत्या विभागात, कोणत्या वारी जायचं ते चौकशी करून, लिहून दे. आणि नेमाने काम करूनही तीन महिन्यांत चिंचोक्यांच्या हिशोबात काहीच हललं नाही, तर निदानच पुन्हा तपास.

हे सदर वाचणाऱ्या आईबापांना एवढंच सांगते: तुमच्या लेकराच्या थेरपीत बसा आणि मोजा. अर्ध्या तासात लेकरू किती वेळा बोलायचा प्रयत्न करतं? तीस-चाळीसच्या वर जात नसेल तर थेरपिस्टला आदराने विचारा. चांगली थेरपिस्ट रागावणार नाही.

सासूबाईंचं माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांना एका मंगळवारी वर घेऊन ये, बाळाला मांडीवर घेऊन बसू देत, आणि चिंचोके डब्यात टाकायचं काम त्यांच्याकडे दे. तू काय करतेस हे त्यांनी कधी जवळून बघितलंय का? माझ्या घरी ते बघितल्यावर बरंच बोलणं थांबलं होतं.

राहिले आठ महिने. ते परत येणार नाहीत आणि मी त्यांच्यावर पांघरूण घालणार नाही. त्याच्या आईला खरं सांग. तिला आत बोलाव, दार लोटून घे आणि म्हण, "बाई, आतापर्यंत जे करून घेतलं त्याचा याला उपयोग झाला नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं केलंत, चूक माझी होती. आता मी वेगळं शिकतेय, आणि ते तुम्हाला शेजारी बसवून करणार आहे." ती विचारेल, माझ्यामुळे झालं का, ग्रहणात बाहेर पडले होते म्हणून का. तिला सांग, नाही. काहींमध्ये ते जनुकातून येतं. २००१ साली लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांच्या बोलण्यातला दोष फॉक्सपी-२ नावाच्या जनुकापर्यंत जाऊन पोचला. पुष्कळांमध्ये कारण सापडतच नाही. आईच्या वागण्याने, लाडाने किंवा ग्रहणाने हे होत नाही. ती रडली तर रडू दे, घाई करू नकोस.

मग डबा पुढे ओढ, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बस आणि त्याला विचार, याडीला हाक मारायची का.